मिरजेचा तंबोरा आणि प्रदेशाचा स्वभाव

इयत्ता चौथीच्या वर्गात जिल्ह्याच्या भूगोलाचा पाठ चालू असतो. गुरुजी विचारतात, "मिरज कशासाठी प्रसिद्ध आहे?" एकाच वेळी वीस हात वर होतात आणि उत्तर येते, "तंतुवाद्यांसाठी." गुरुजी 'शाबास' म्हणतात व सांगलीच्या हळदीकडे वळतात. उत्तर बरोबर आहे. परीक्षेत त्यास पूर्ण गुणही मिळतात. परंतु तंतुवाद्य कसे होते, ते कोण करतो आणि ते मिरजेसच का होते, यांपैकी एकही गोष्ट त्या वीस मुलांपैकी कोणास ठाऊक नसते. पुष्कळदा ती आम्हा शिक्षकांसही ठाऊक नसते, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. हळद आणि तंबोरा ही दोन्ही जणू एकाच शेतात उगवतात, अशी मुलांची समजूत होऊन बसते.

हळदीचे एक वेळ ठीक आहे. तिला जमीन व पाणी मानवले म्हणून ती येथे आली. तंबोऱ्याची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याचे लाकूड मिरजेस होत नाही. ते कर्नाटकातील रानांतून येते. त्याचा भोपळा मिरजेस पिकत नाही. तो शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो. ज्या गायकीसाठी तो मुख्यतः लागतो, तिचे मूळ ग्वाल्हेरीस आणि त्याही पलीकडे उत्तरेत आहे. आणि ज्यांनी तो प्रथम घडविला, त्या घराण्यांचा मूळचा धंदा वाद्यांचा नव्हताच; तो शस्त्रांचा होता. मग मिरजेचे असे त्यात काय, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारलाच, तर त्याला गप्प न करता त्या प्रश्नावरच सगळा पाठ उभारावा. प्रदेशाचा स्वभाव म्हणून जे म्हणतात, त्याचे उत्तर त्या एका प्रश्नात आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. तंबोऱ्याचा तळाचा मोठा घुमट म्हणजे भोपळा. हा भाजीचा भोपळा नव्हे. त्याच जातीतील, परंतु कडू व जाड सालीचा असा हा भोपळा केवळ वाद्यांसाठी लावतात. तो कोवळा तोडीत नाहीत. वेलावरच पूर्ण पिकू देतात, मग तोडून कित्येक महिने सुकवितात. आतील गर सुकून निघाला आणि वर टिचकी मारली असता कोरडा, खणखणीत आवाज आला, म्हणजे तो कामाचा झाला. एकाच वेलाचे दोन भोपळे सारखे नसतात. एकाचा घेर मोठा, दुसऱ्याचा लहान. एकाची साल सर्वत्र सारखी जाड, दुसरा एका अंगाने पातळ. शेतात पडल्या जागी तो कसा बसला, यावरही त्याचा आकार ठरतो. मिरजेचा कारागीर हे ढीग पाहून, हाताने उचलून, वाजवून निवड करतो. मोठा घेर पुरुषी आवाजाच्या खालच्या पट्टीसाठी, लहान घेर स्त्रियांच्या आवाजाच्या उंच पट्टीसाठी. वाद्याचा स्वर ठरविण्याचे काम अशा रीतीने एका शेतकऱ्याच्या शेतापासूनच सुरू होते, आणि तो शेतकरी बहुधा आयुष्यात मैफलीस गेलेला नसतो.

सुकलेला भोपळा पाण्यात भिजवून नरम करतात, वरचा भाग कापतात, तोंड हवे तेवढे रुंद करून ते तसेच राहावे म्हणून आत काठ्यांचा ताण देऊन पुन्हा सुकवितात. त्यावर लाकडी गळा बसतो, गळ्यास आतून पोकळ कोरलेली लांब दांडी जोडतात, आणि भोपळ्याच्या उघड्या तोंडावर लाकडाची किंचित फुगीर, पातळ तबली चिकटवितात. यासाठी तून नावाच्या झाडाचे, तांबूस रंगाचे, हलके लाकूड पसंत करतात. ते जुने व पुरते वाळलेले असावे लागते. ओल्या लाकडाचा तंबोरा पहिल्या उन्हाळ्यातच पिळतो. जोडावर कोरलेली पाने बसवून सांधा झाकतात, पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी बसवितात व चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा हात फिरवितात. पाहणाऱ्याची नजर या नक्षीवर खिळते. जाणत्याची नजर मात्र तबलीवरील एका रुंद, चपट्या तुकड्याकडे जाते. त्यास घोडी म्हणतात.

चारही तारा या घोडीवरून जातात. चार तारांचे स्वर बहुधा असे: पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि चौथी, पितळेची, खर्जाची. पाश्चात्त्य तंतुवाद्याची घोडी अरुंद असते. तार तिच्या धारेवरून एकदम सुटते. आपल्या तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा अगदी सूक्ष्म उतरता, किंचित बाकदार घासलेला असतो. तार त्या बाकाला हलकेच चाटून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवितात. धागा केसभर मागे-पुढे करता करता एका जागी तो दबलेला आवाज एकाएकी उघडतो, आणि एका तारेतून अनेक स्वरांची गुंजारवयुक्त छाया पसरू लागते. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन् यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात नेमका याच घोडीचा विचार केलेला आहे. छेडलेल्या तारेतून कोणते उपस्वर निघावेत व कोणते निघू नयेत, याविषयी पाश्चात्त्य शास्त्रात जो नियम मानला जात असे, तो तंबोऱ्याची व वीणेची तार पाळीत नाही, असे त्यांस आढळून आले. आणि त्याचे कारण या घोडीच्या बाकात आहे, असे त्यांनी दाखविले. ज्यांनी तो बाक घासला, त्यांच्यापाशी कानस आणि कान यांवाचून दुसरे उपकरण नव्हते.

हा भाग वर्गात दाखविणे अवघड नाही. एका रिकाम्या लाकडी खोक्यावर दोन खिळे ठोकून पोलादी तार ताणावी. तिच्या एका टोकाजवळ प्रथम धारेची चिप ठेवून तार छेडावी. नंतर ती काढून रुंद, गुळगुळीत, किंचित उतरता घासलेला तुकडा ठेवावा व त्यावर तारेखाली शिवणाचा दोरा सरकवीत जावा. खोक्यातून मिरजेचा स्वर निघणार नाही, हे उघड आहे. तरी आवाजातील फरक चौथीच्या मुलासही कळतो. सातवीच्या वर्गास याच वाद्यातून वर्तुळाचे गणित घालता येते. कारागीर भोपळा घेराने मोजतो, व्यासाने नव्हे, कारण भोपळ्याच्या पोटातून फूटपट्टी जात नाही. ४४ इंच घेराच्या भोपळ्याचा व्यास १४ इंच, हे मुलांनी स्वतः काढावे.

आता ही विद्या मिरजेस कशी आली, ते पाहू. शिकलगार हा शब्द 'सैकल' म्हणजे घासून लखलखीत करणे या अरबी शब्दापासून आला आहे. तलवारी, भाले, कट्यारी यांस धार व झिलई देणे हा शिकलगारांचा धंदा. १८१८ साली पेशवाई संपली, संस्थानांची लष्करे आटली, पुढे १८७८ च्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावर सरकारी परवान्याचे बंधन आले. ज्या हातांना धातू व लाकूड यांची बारीक पारख होती, त्या हातांना काम उरले नाही. कारागीर कुटुंबांत असे सांगितले जाते की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे कोणी एक नादुरुस्त वाद्य आणून दिले. ते दुरुस्त करता करता त्यांनी त्याची रचना ध्यानात घेतली आणि पुढे स्वतः तंबोरा घडविला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचे त्यांस उत्तेजन मिळाले. घराण्याचे नावही बदलले. शिकलगारांचे काही वंशज 'सतारमेकर' म्हणवू लागले. हा बराचसा तोंडी इतिहास आहे, व तो मुलांपुढे तसाच, 'असे सांगतात' या शब्दांनिशी ठेवावा. तलवार घासणारी कानस घोडी घासू लागली, ही गोष्ट मुले विसरणार नाहीत, यात शंका नाही.

परंतु वाद्य करणारा झाला, म्हणजे वाद्याचा धंदा झाला असे नव्हे. चांगले व वाईट यांतला फरक ओळखणारे कान जवळपास नसतील, तर उत्तम कारागीरही हळूहळू सामान्य होतो. मिरजेस असे कान जमत गेले, हे तिचे भाग्य. ग्वाल्हेरची ख्यालगायकी दक्षिणेत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे वास्तव्य काही काळ मिरजेस होते. कुरुंदवाडास १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या डोळ्यांना दारूकामाने इजा झाली, म्हणून त्यांस उपचारासाठी मिरजेस आणले. दृष्टी पूर्ण परत आली नाही. पण तेथेच बाळकृष्णबुवांकडे त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. १८९६ साली ते मिरजेहून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. गायन दरबार व कोठी यांतून निघून शाळेच्या वर्गात आले, आणि वर्ग म्हटला की वर्गागणिक तंबोरे आलेच. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हेही मिरजेस येऊन राहिले. वाद्यांची दुरुस्ती ते स्वतः करीत, आणि तंबोऱ्याच्या जुळणीबाबत त्यांचा कान अतिशय चोखंदळ होता. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असता त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मात्र मिरजेस झाले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते, आणि तीत कोणत्या धर्माच्या गवयाने कोणत्या देवाचे पद म्हणावे, असा प्रश्न कोणी काढीत नाही. अशा गावात तंबोरा बिघडलेला निघाला, तर कारागिराला ते कोणी दुसऱ्याने सांगावे लागत नव्हते. संध्याकाळी मैफलीत त्याचे त्यालाच ऐकू येत असे.

एवढे पाहिल्यावर त्या चौकस विद्यार्थ्यास उत्तर देता येते. मिरजेचे काय, तर ही सर्व माणसे एकत्र येणे. मंगळवेढ्याचा शेतकरी, कर्नाटकातील लाकूड, बेकार झालेला शस्त्रकार, त्यास हाक देणारा संस्थानिक, ग्वाल्हेर व किराणा येथून आलेला स्वर, आणि दर्ग्याचे आवार. यांपैकी एकही जमिनीतून उगवलेले नाही. प्रदेशाचा स्वभाव हा डोंगरासारखा कायमचा ठेवलेला नसतो. तो दररोज कोणीतरी चालू ठेवल्यामुळे राहतो. ठेवणारे थांबले की जातो. भूगोलाच्या पुस्तकातील ओळ मात्र तशीच छापलेली राहते, हा त्यातला धोका.

आणि धोका काल्पनिक नाही. हल्ली तंबोऱ्याचा स्वर देणारी विजेची पेटी मिळते, भ्रमणध्वनीवरही तो स्वर ऐकू येतो. प्रवासात, रियाजास त्याची सोय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याची ऐपत नाही अशा विद्यार्थ्यास ती पेटी वरदानच वाटते. पण पेटीची जवारी झिजत नाही, म्हणून ती लावून देणाराही लागत नाही. घोडीसाठी व नक्षीसाठी पूर्वी वापरीत ते हस्तिदंत कायद्याने बंद झाले, व ते योग्यच झाले. आता हाडाच्या किंवा इतर पदार्थांच्या घोड्या करतात. २०२४ साली मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांस भौगोलिक मानांकन मिळाले. आता मिरजेबाहेर केलेल्या वाद्यास 'मिरजेचे' म्हणून विकता येणार नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. परंतु ते नावाचे संरक्षण आहे. घोडीवर कानस कोठे थांबवावी, हे मानांकनपत्र कोणास शिकवीत नाही. ते पाच-सात वर्षे शेजारी बसूनच शिकावे लागते.

येथे शाळेचा संबंध येतो, आणि तो जरा अडचणीचा आहे. शेजारी बसून शिकण्याचे ते वय आणि आमच्या वर्गात बसण्याचे वय एकच. कारागिराचा मुलगा शाळेत आला, याचा आनंद सर्वांनाच व्हावयास हवा. त्याने बापाचाच धंदा करावा, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. १९५३ साली मद्रास राज्यात शाळेची वेळ कमी करून मुलांना उरलेला वेळ घरचा धंदा शिकू द्यावा, अशी योजना निघाली होती. बापाची जात मुलाच्या गळ्यात पुन्हा बांधण्याचा हा प्रकार आहे, असा तिच्यावर कडाडून आक्षेप आला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. आक्षेप खरा होता. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कातडे कमावले वा टोपल्या विणल्या, त्यांच्या मुलांना शाळेचे दार हीच मोकळी वाट होती, आणि आजही आहे.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बापाच्या हातात काय विद्या आहे, हे शाळेत एकदाही न ऐकलेले मूल, ती विद्या टाकताना आपण काय टाकतो आहोत हे जाणत नाही. 'नीट अभ्यास कर, नाहीतर बापासारखी लाकडे तासावी लागतील,' हे वाक्य आमच्यापैकी कित्येकांनी कोणत्या ना कोणत्या वर्गात, या ना त्या धंद्याचे नाव घालून उच्चारलेले आहे. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. हेतू वाईट नसतो. पण त्या वाक्यातून मूल शिकते ते एवढेच की, अक्षर श्रेष्ठ आणि हात हलका. धंदा सोडावयाचा तर खुशाल सोडावा. त्याची लाज वाटून सोडू नये, आणि ती लाज शाळेने लावलेली असू नये.

१९३७ साली वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, तेव्हा गांधीजींनी मांडलेला विचार या दोहोंहून वेगळा होता. हस्तव्यवसाय सर्व मुलांनी करावयाचा होता, केवळ त्या त्या जातीच्या मुलांनी नव्हे. आणि गणित, शास्त्र, इतिहास हे त्या व्यवसायाच्या अनुषंगाने शिकवावयाचे होते. पुढे आमच्या शाळांतून त्याची टकळी आणि सूत एवढीच आठवण उरली, हे दुर्दैव. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्यांत सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी शिकावे, असे म्हटले आहे. कागदोपत्री हे दिवस भरणे सोपे आहे. कारखान्यासमोर रांगेत उभे राहून छायाचित्र काढले की अहवाल पुरा होतो. त्याऐवजी एकाच कारागिराकडे तीन वेळा जावे: एकदा भोपळा भिजत असताना, एकदा दांडी कोरली जात असताना, एकदा जवारी लावताना. बोलणे त्याने करावे. शिक्षकाने मुलांसमवेत खाली बसावे आणि स्वतःही प्रश्न विचारावेत. गुरुजींना न येणारी गोष्ट कोणाला तरी येते, आणि ती येणारा आपल्याच वर्गातील एखाद्या मुलाचा आजोबा आहे, हे दृश्य मुलांना दहा धड्यांहून अधिक शिकविते.

मिरज दूर असलेल्या शाळांनी हे वाचून निराश होऊ नये. जतेकडील शिक्षकास घोंगडे विणणारा भेटेल. इतरत्र कोठे बुरूड, कोठे कुंभार, कोठे मोटेचे दिवस पाहिलेला सुतार. तेथेही हेच विचारावे की, कच्चा माल कोठून येतो, पारख कोण करतो, कोणाकडून शिकलात आणि तुमच्याकडून कोण शिकते आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ ठिकाणी एकच येईल. तेही मुलांनी जसेच्या तसे वहीत लिहावे.

आणि मिरजेचे वाद्य तर बहुतेक गावांत आहेच. भजनी मंडळाची वीणा मंदिरात खुंटीला टांगलेली असते. सप्ताहात ती अहोरात्र खाली ठेवीत नाहीत. एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे मुलांनी पाहिलेले असते. सप्ताह संपल्यावर, वीणेकरीबुवांची परवानगी घेऊन, हात स्वच्छ धुऊन, एक दिवस ती मुलांना जवळून दाखवावी. भोपळा कोणता, दांडी कोणती, घोडी कोणती, हे त्यांनी ओळखावे. ती कोठून आणली, कोणत्या साली आणली, आणि तिची जवारी शेवटची कोणी लावून दिली, हे बुवांना विचारून शाळेच्या नोंदवहीत तारखेनिशी लिहून ठेवावे.